वसईची वाट माहीम-तारापुरावरून

चिमाजी अप्पा म्हटले की वसई आठवते आणि वसई म्हटले की चिमाजी अप्पा. ही जोडी आपल्या मनात इतकी पक्की बसली आहे की तिच्या अलीकडे-पलीकडे काही होते का, हे विचारावेसेही कुणाला वाटत नाही. शाळेच्या पुस्तकात एक परिच्छेद असतो, वसईला स्मारक आहे, नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात आणि मेणवलीच्या घाटावर वसईहून आणलेल्या चर्चच्या घंटा टांगलेल्या आहेत. त्यात किल्ला पडेना तेव्हा, निदान आपले मस्तक तरी तोफेतून किल्ल्यात पडू द्या, असे अप्पा म्हणाल्याची आख्यायिका. एवढ्यावर या माणसाची ओळख संपते. पालघर, बोईसर, डहाणूकडे वाढलेल्या मुलामुलींनाही वसईची मोहीम ही ‘तिकडची’ गोष्ट वाटते. गाडीने विरार सोडले की इतिहास मागे राहिला, अशी आपली सर्वांची समजूत.

हे पुस्तक त्या समजुतीला विरोध म्हणून लिहिले आहे. १७३९ च्या मे महिन्यात वसईवर मराठ्यांचे निशाण चढले हे खरेच. पण वसईचा निकाल त्याच वर्षीच्या जानेवारीत आपल्या किनाऱ्यावर लागून चुकला होता. माहीम, केळवे, शिरगाव, तारापूर आणि डोंगरातली अशेरी ही ठाणी त्या एका महिन्यात पडली. ही सगळी ठाणी आजच्या पालघर तालुक्यातली. (माहीम म्हणजे इथे सगळीकडे आपले केळवे-माहीम समजावे, मुंबईचे नव्हे.) ती पडली म्हणून वसई एकटी पडली, आणि एकटी पडली म्हणूनच तिला वेढा घालून बसणे शक्य झाले. हा क्रम ज्याने आखला आणि दोन वर्षे नेटाने तडीस नेला, त्याचे मोठेपण वसईच्या शेवटच्या हल्ल्यापेक्षा या आखणीत अधिक दिसते असे मला वाटते.

आधी या किनाऱ्याची मांडणी ध्यानात घेतली पाहिजे. गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने १५३४ साली वसई पोर्तुगिजांना दिली. १५५९ साली त्यांनी दमण घेतले. दमणपासून खाली चौलपर्यंतचा हा पट्टा पोर्तुगिजांचा ‘उत्तरेचा प्रांत’, आपल्या कागदांतले फिरंगाण. वसई ही त्याची राजधानी. दोनशे वर्षे या राज्याचा जीव समुद्रात होता. जमिनीवर त्यांचे सैन्य कधीच फार मोठे नव्हते, पण प्रत्येक खाडीच्या तोंडाशी त्यांनी एकेक कोट उभारला. डहाणूची खाडी, तारापूर-चिंचणीची खाडी, सातपाटी-शिरगाव, माहीम, केळवे, पुढे वैतरणेच्या मुखाशी अर्नाळा आणि मग वसई. एका ठाण्यावर कुणी चालून आले की दुसऱ्या ठाण्यातून किंवा थेट गोव्याहून गलबते निघत. माणसे, दारू, धान्य उतरवून जात. घाटावरच्या घोडदळाने असा कोट जमिनीकडून कितीही घेरला तरी चौथी बाजू मोकळीच राही. मराठ्यांचे घोडे नर्मदापार गेले होते, पण कोकणातल्या खाजणात आणि तिवरांच्या चिखलात घोड्याचा उपयोग नव्हता. ज्यांनी भरतीच्या वेळी केळव्याचा पाणकोट बघितला आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. ओहोटीला पायी जाता येते, भरतीला चहूबाजूंनी पाणी. अशा जागेला वेढा घालायचा तर दिवसाचे अर्धे तास वेढा समुद्राच्या मर्जीवर.

आता माणसाकडे वळतो. बाळाजी विश्वनाथ १७२० च्या एप्रिलात वारले तेव्हा थोरले बाजीराव अजून वीस वर्षांचे व्हायचे होते आणि चिमाजी त्यांच्याहून सुमारे सात वर्षांनी लहान. पुढची वीस वर्षे या दोन भावांनी राज्य वाहिले. बाजीराव उत्तरेत, निजामावर, माळव्यात. आणि मागे साताऱ्याचा दरबार, शाहू महाराजांची मर्जी, कर्जाचे हप्ते, सावकारांची समजूत, सरदारांचे रुसवेफुगवे हे सगळे चिमाजींकडे. हे काम करणाऱ्याचे पोवाडे होत नाहीत. पण बाजीरावांना पाठीमागे वळून पाहावे लागले नाही याचे निम्मे कारण हा धाकटा भाऊ होता.

आणि तो केवळ कारकुनी सांभाळणारा नव्हता. २९ नोव्हेंबर १७२८ रोजी माळव्यात अमझेऱ्याला चिमाजींनी मोगल सुभेदार गिरिधर बहादूर आणि त्याचा नातलग दया बहादूर यांचा पुरता मोड केला. दोघेही रणात पडले. माळव्यात मराठ्यांचा पाय खऱ्या अर्थाने रोवला गेला तो इथे. चिमाजी तेव्हा एकविशीच्या आसपास होते. १७३६ च्या एप्रिलात रेवसजवळ त्यांनी सिद्दी साताला गाठले. जंजिऱ्याच्या मोहिमेत तीन वर्षे जे होत नव्हते ते त्या एका लढाईत झाले. सिद्दी सात मारला गेला आणि कोकणपट्टीवरचा सिद्दीचा दरारा कायमचा ओसरला. म्हणजे १७३७ साली फिरंगाणाकडे वळले तेव्हा चिमाजींना मैदानातली लढाई ठाऊक होती आणि समुद्राकाठच्या युद्धाची चवही त्यांनी घेतली होती. प्रकृती मात्र पहिल्यापासून तोळामासा. हे लक्षात ठेवून त्यांची दगदग वाचावी.

रोमच्या इतिहासात मार्कुस अग्रिप्पा नावाचा सेनापती आहे. ऑगस्टसने जे साम्राज्य उभे केले त्यातल्या मोठ्या लढाया प्रत्यक्षात या अग्रिप्पाने जिंकल्या. इ. स. पू. ३१ मधली ॲक्टियमची आरमारी लढाई ही त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध. त्याने रोमला पाणी आणले, इमारती उठवल्या, प्रांतांचा कारभार पाहिला, विजयमिरवणुकीचा मान देऊ केला असताही नाकारला, आणि ऑगस्टसच्या कितीतरी आधी, इ. स. पू. १२ मध्ये तो गेला. पुढे हेड्रियनने पँथिऑन नव्याने बांधले तेव्हाही दर्शनी भागावर नाव ठेवले ते अग्रिप्पाचेच. दुसऱ्याच्या नावाच्या सावलीत राहून राज्य उभारणाऱ्या माणसांची एक वेगळी जात असते, आणि चिमाजी अप्पा त्या जातीचे. फरक हा की ऑगस्टस पुढे पंचवीस वर्षे जगला. इथे दोघे भाऊ एकाच वर्षात गेले.

मोहिमेचे कारण काय? एका शब्दात उत्तर देणारे बरेच भेटतात; मला ते पुरे वाटत नाही. धार्मिक जाच होता, आणि तो खरा होता. देवळे पाडली गेली, उघड सण-समारंभांवर बंदी होती, गोव्याच्या इन्क्विझिशनचा हात इथवर पोचत होता. लोक पिढ्यान्‌पिढ्या हे सोसत होते आणि गाऱ्हाणी घेऊन पुण्या-साताऱ्याकडे जात होते. अंजूरचे गंगाजी नाईक आणि त्यांचे भाऊ, मालाडचे अंताजी रघुनाथ कावळे ही त्यांतली ठळक नावे. अंजूरकरांनी तर वर्षानुवर्षे या एका कामाचा ध्यास घेतला होता. ‘साष्टीची बखर’ वाचताना त्यांची तगमग जाणवते. पण त्याबरोबर साष्टीचा भात, वसईच्या जंगलातले जहाजांना लागणारे लाकूड, खाड्यांवरची जकात, आणि ठाण्याला पोर्तुगीज बांधत असलेला नवा किल्ला याही गोष्टी होत्या. तो किल्ला पुरा झाला असता तर कल्याणच्या सुभ्याच्या उंबरठ्यावरच फिरंगी बसला असता. राज्यकर्त्याला या दोन्ही बाजू दिसाव्या लागतात आणि चिमाजींना त्या दिसत होत्या.

१७३७ च्या मार्चअखेरीस अर्धवट बांधलेले ठाणे हातात आले. त्याच सुमाराला अर्नाळा घेतला; शंकराजी केशव फडके यांनी तिथे नवा किल्ला उभारायला घेतला, त्याच्या दरवाजावरचा शिलालेख आजही वाचता येतो. वसईवरही त्याच वर्षी हल्ला झाला, शिड्या लावून, एका झपाट्यात काम उरकावे अशा हिशेबाने. तो फसला. १७३८ च्या सुरुवातीला माहीमला वेढा पडला, तोही फसला. मराठ्यांचे मोर्चे जमिनीकडून जवळ आले होते, पण समुद्रातून पोर्तुगिजांची कुमक उतरली आणि उलट मोर्च्यांवरच तुटून पडली. चांगली माणसे गेली. हातची वस्तू निसटल्याचा चिमाजींचा त्रागा त्या काळच्या पत्रांतून दिसतो.

इथे थोडे थांबावेसे वाटते, कारण सेनापती कसा आहे ते अपयशानंतर कळते. माहीमचा वेढा फसल्यावर दोन वाटा होत्या. फौज दुप्पट करून पुन्हा वसईवर धडक द्यायची, किंवा लहान ठाण्यांच्या मागे लागून वर्ष घालवायचे. पहिली वाट सरदारांना आवडणारी. वसईची लूट आणि वसईचे नाव दोन्ही मोठे. चिमाजींनी दुसरी धरली. १७३८ च्या पावसाळ्यानंतर ते स्वतः कोकणात उतरले. त्याच डिसेंबरात ठाणे परत घेण्याच्या प्रयत्नात पोर्तुगिजांचा कर्तबगार सरदार पेद्रू द मेलू तोफेचा गोळा लागून ठार झाला. लगोलग वसईवर जावे असाच तो क्षण होता. अप्पा वसईला वळसा घालून वर आले, माहीमला.

१७३९ च्या त्याच जानेवारीत इचलकरंजीचे व्यंकटराव घोरपडे गोव्यात घुसले, मडगाव घेऊन राशोलला भिडले. घोरपडे म्हणजे बाजीराव-चिमाजींच्या बहिणीचे, अनुबाईंचे यजमान. गोवा जिंकण्याचा हा बेत नव्हता; गोव्याच्या विजरईला स्वतःच्या दाराशीच गुंतवून ठेवायचे आणि वसई-माहीमकडे एकही गलबत निघू द्यायचे नाही, एवढाच उद्देश. आदल्या वर्षी ज्या समुद्राने माहीमला वाचवले तोच यंदा त्याच्या मदतीला येऊ नये, याची सोय शेकडो मैल दक्षिणेला करून ठेवली होती. मोहिमेतली ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. माहीमची लढाई मडगावात जिंकता येते हे ज्याला कळले त्याला युद्ध कळले.

मग ठाणी पडू लागली. माहीम, पाठोपाठ केळवे, शिरगाव. काही ठिकाणी शिबंदीने फार ताणले नाही. तारापूरने ताणले.

तारापूर म्हटले की आज लोकांच्या डोळ्यांपुढे अणुभट्टी येते. १९६९ पासून तिथली वीज देशाला मिळते आहे, आणि बोईसरच्या एमआयडीसीमुळे देशभरची माणसे इथे येऊन राहिली आहेत. त्यांना किल्ला विचारला तर बहुतेकांना ठाऊक नसतो. गावातच, समुद्राच्या अंगाला, घरांच्या दाटीत तो उभा आहे. तट दगडी, उंच, आणि उत्तर कोकणातल्या इतर लहान कोटांच्या मानाने फारच शाबूत. बाहेरून एक फेरी मारली तरी कळते की शिड्या लावून इथे चढणे म्हणजे माणसे फुकट घालवणे. अप्पांनी वसईच्या १७३७ च्या हल्ल्यातून नेमका हाच धडा घेतला होता. त्यांनी तटाखाली सुरुंग नेले.

सुरुंग म्हणजे नुसती दारू पेटवणे नव्हे. आधी मोर्चे नागमोडी पुढे न्यायचे, म्हणजे तटावरून नेम धरणाऱ्याला सरळ रेघ मिळू नये. तटाच्या पायथ्याशी पोचले की बेलदारांनी भुयार खणायचे. किनाऱ्यावरची वाळू भुयाराला धरत नाही, फळ्या-खांबांचा आधार द्यावा लागतो. थोडे खोल गेले की पाणी झिरपते. त्यात दारू कोरडी ठेवायची, वात नीट पसरायची, तोंड बुजवायचे. वर शत्रू कान लावून बसलेला. हे सगळे करणारे लोक घोड्यावर बसून माळवा पालथा घालणाऱ्या फौजेतले. त्या फौजेने दोन वर्षांत ही विद्या आत्मसात केली.

तारापूरला काही सुरुंग फुकट गेले, पण जे उडाले त्यांनी बुरुजाला आणि तटाला खिंडार पाडले. त्या खिंडारातून आधी कोण शिरतो यासाठी चुरस लागली. बाजी भिवराव रेठरेकर, रामचंद्र हरी, यशवंतराव पवार ही त्यांत पुढे असलेली नावे. आतली शिबंदी हटली नाही, शर्थीने लढली. चिमाजींनी आपल्या पत्रात तिच्या शौर्याची मोकळ्या मनाने नोंद केली आहे. शत्रूबद्दल असे लिहिणारा सेनापती मला विशेष आवडतो. तो विजय फुगवत नाही, फक्त काय समोर होते ते सांगतो. किल्ला हाती आला, पण बाजी भिवराव तिथे गोळी लागून पडले. बाजीराव आणि चिमाजी या दोघांच्याही घरच्यासारखा हा माणूस. वसईच्या विजयोत्सवात त्याचे नाव निघत नाही, तारापुरातही निघत नाही. या पुस्तकातले एक पूर्ण प्रकरण मी त्याच्यासाठी ठेवले आहे.

त्याच महिन्यात अशेरीही आली. मुंबई-अहमदाबाद महामार्गाने मनोरच्या पुढे जाताना खोडकोन्याच्या वर दिसणारा हा गड. घाटवाटांवर नजर ठेवणारे पोर्तुगिजांचे डोंगरातले हे शेवटचे भक्कम ठाणे. आता समुद्रकिनारा आणि डोंगर दोन्ही हातात आले. दमण आणि वसई यांच्या मधला दुवा तुटला.

फेब्रुवारीत चिमाजी वसईच्या तटासमोर आले. तिथला वेढा बऱ्याच जणांनी लिहिला आहे, म्हणून प्रस्तावनेत मी तो थोडक्यात उरकतो. किल्ल्याच्या तीन बाजूंना पाणी, जमिनीचा रस्ता फक्त उत्तरेकडून, आणि तोही वाळूचा. दक्षिणेकडे वेसावे, वांद्रे, धारावी ही ठाणी मराठ्यांनी घेतली. खाडीत मानाजी आंग्र्यांचे आरमार. शिंदे-होळकर येऊन मिळाले. पोर्तुगिजांचा सेनापती मार्तिन्यु द सिल्वेरा वेढ्यातच मारला गेला, त्याच्या जागी कैतानु द सोझा परेरा आला. अन्न संपत आले, दारू संपत आली. चर्चमधली चांदी आणि पितळी तोफा तारण ठेवून मुंबईकर इंग्रजांकडून पैसे उचलावे लागले. मेच्या मध्याला सेबास्तियन आणि रेमेदी बुरुजांखालचे सुरुंग पेटले. काही वेळेवर उडाले, काही उशिरा उडून आपल्याच चढणाऱ्या लोकांवर कोसळले. तीन दिवस खिंडारात हातघाई चालली. हजारो माणसे कामी आली. १६ मे १७३९ रोजी तहाची कलमे ठरली आणि २३ मे रोजी पोर्तुगिजांनी किल्ला सोडला. पेशव्यांचे गुरू असलेल्या धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींना चिमाजींनी पाठवलेल्या पत्रात या लढाईची दाहकता आहे. असे युद्ध पूर्वी कधी झाले नव्हते असा त्याचा सूर आहे आणि तो अतिशयोक्तीचा वाटत नाही.

मेच्या मध्याला एवढी निकड का केली, हे मात्र सांगितले पाहिजे, कारण ते सहसा सांगितले जात नाही. मृग लागला की उत्तर कोकणात फौजेचा तळ राहू शकत नाही. मोर्च्यांत पाणी भरते, दारू सर्दावते, खाड्यांना उतार राहत नाही. पंधरा-वीस दिवसांत वसई पडली नसती तर दोन वर्षांचे काम पाण्यात गेले असते आणि दिवाळीनंतर पुन्हा पहिल्यापासून. दुसरीकडे फेब्रुवारीत कर्नाळला मोगल बादशहाचा मोड करून नादिरशहा दिल्लीत बसला होता, दिल्लीत कत्तल झाली होती. तो दक्षिणेकडे वळला तर काय, या काळजीने बाजीराव बऱ्हाणपुराकडे थांबून होते. त्यांना होळकर, शिंदे, चिमाजी सगळे हवे होते. थोरला भाऊ माणसे मागतो आहे आणि धाकट्याचा एकेक बेलदार वसईच्या वाळूत गुंतलेला आहे, अशी ती कोंडी होती. चिमाजींनी वेढा सोडला नाही, फौज तुकड्यांनी पाठवून दोन्हीकडचे बिघडवलेही नाही. वसई शरण आली त्याच सुमाराला नादिरशहा लूट घेऊन दिल्लीहून परत फिरला.

विजयानंतरचे वागणे हा चरित्रातला सर्वांत बोलका भाग. शिबंदीला हत्यारांसह, वाजतगाजत, निशाणे घेऊन बाहेर पडू दिले. ज्या रहिवाशांना जायचे होते त्यांना चीजवस्तू नेण्याची मोकळीक दिली. जे ख्रिस्ती लोक राहणार होते त्यांच्या उपासनेला हात लागणार नाही असे कलम घातले आणि काही चर्च त्यांच्यासाठी राखली. तीन दिवस खिंडारात माणसे गमावलेल्या फौजेला असे कलम मान्य करायला लावणे सोपे नसते. घंटा नेल्या गेल्या, पुष्कळ चर्च ओस पडली, हेही खरे. पण वसई-विरार-पालघर किनाऱ्यावरचा ख्रिस्ती समाज उखडला गेला नाही. तो इथेच राहिला, शेती-बागायत करत राहिला, आपली मराठी बोलत राहिला. त्याच मातीतून आलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. चिमाजी अप्पांचे नाव घेऊन शेजाऱ्याकडे वाकड्या डोळ्याने पाहणाऱ्यांनी ते तहाचे कलम एकदा वाचावे, ही माझी मनापासून विनंती आहे.

मुंबईकर इंग्रज या सगळ्याकडे डोळ्यांत तेल घालून पाहत होते. पोर्तुगिजांना त्यांनी थोडी दारू, थोडे धान्य, तारणावर पैसे दिले. त्यापलीकडे काही नाही. वसई पडताच त्यांचा कॅप्टन इंचबर्ड चिमाजींकडे वसईला आला, कॅप्टन गॉर्डन शाहू महाराजांच्या भेटीला साताऱ्याला गेला. जुलै १७३९ मध्ये चिमाजींशी त्यांचा व्यापाराचा तह झाला. फिरंगी गेला, पण खाडीपलीकडचा दुसरा टोपीकर शांतपणे बळकट होत होता, आणि त्याला रोखण्याचा विचार कुणी गांभीर्याने केला नाही. चिमाजींना आणखी दहा वर्षे मिळाली असती तर त्यांनी केला असता असे मला वाटते. माझा हा अंदाज आहे. वाचकाने तो अंदाज म्हणूनच घ्यावा. घडले ते असे की १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी साष्टी घेतली, डिसेंबर १७८० मध्ये जनरल गॉडर्डने वसई घेतली, सालबाईच्या तहाने ती परत मिळाली, आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी याच वसईत दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांची तैनाती फौज पत्करली. चिमाजींचा हा चुलत-नातू म्हणावा असा वारस. वसईच्या विजयाला तेव्हा त्रेसष्ट वर्षे झाली होती.

अप्पांना मिळाले फक्त दीड वर्ष. १७४० च्या सुरुवातीला ते आंग्रे बंधूंचा कलह मिटवायला कुलाब्याकडे गेले, आणि तिथे असताना बाजीराव २८ एप्रिलला रावेरखेडीला वारल्याची बातमी आली. मग पुतण्याला, नानासाहेबाला, जूनमध्ये पेशवाईची वस्त्रे मिळेपर्यंत त्यांनी दम खाल्ला नाही. १७ डिसेंबर १७४० रोजी पुण्यात त्यांचा अंत झाला, वय तेहतीसच्या आसपास. धाकटी पत्नी अन्नपूर्णाबाई सती गेल्या. थोरल्या रखमाबाई दहा वर्षांपूर्वीच, मुलगा अवघ्या महिन्याचा असताना, वारल्या होत्या. तो मुलगा म्हणजे सदाशिवरावभाऊ, पानिपतचे. पुण्यात ओंकारेश्वराच्या परिसरात अप्पांची समाधी आहे.

मस्तानीच्या प्रकरणात चिमाजींनी घेतलेली कठोर भूमिकाही मी या पुस्तकात टाळलेली नाही. भावावरचे प्रेम, घराण्याची अब्रू आणि पुण्यातल्या ब्रह्मवृंदाचा दबाव यांत ते सापडले होते. पण मस्तानीला कैदेत ठेवणे हा अन्याय होता आणि तसे म्हटल्याने त्यांच्या कर्तृत्वाला बाध येत नाही.

साधनांविषयी दोन शब्द. गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दफ्तरातून निवडलेल्या कागदांचे पंचेचाळीस खंड काढले, त्यांत या मोहिमेची पत्रे आहेत. य. न. केळकरांचे ‘वसईची मोहीम’ आणि पोर्तुगीज दप्तरे वाचून पांडुरंग पिसुर्लेकरांनी केलेले काम हे दोन्ही हाताशी नसतील तर एकच बाजू दिसते. वि. का. राजवाड्यांनी १९२४ साली ‘महिकावतीची बखर’ छापली आणि तिला दीर्घ प्रस्तावना लिहिली.  उत्तर कोकणच्या सामान्य माणसाला इतिहासाच्या मध्यभागी आणून बसवणारी तशी प्रस्तावना मराठीत दुसरी नाही.

तारखांचा घोळ वाचकाला जाणवेल. इंग्रज १७५२ पर्यंत जुने पंचांग चालवत आणि पोर्तुगीज नवे; दोन्हींत अकरा दिवसांचा फरक. म्हणून वसईच्या तहाची तारीख काही पुस्तकांत ५ मे आणि काहींत १६ मे आढळते. दोन्ही एकाच दिवसाच्या. वसईच्या तहासाठी मी नवी तारीख धरली आहे.

हे पुस्तक मुख्यतः पालघर जिल्ह्यातल्या शिक्षकांसाठी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी आपला जिल्हा वेगळा झाला. वसईही त्यात आली आणि तारापूरही. पाचवी-सातवीच्या वर्गाची सहल दरवर्षी कुठे ना कुठे जाते. ती एकदा शिरगावच्या कोटात न्यावी. दरवाजा आणि घुमटीचे बुरूज अजून उभे आहेत, तटावरून समुद्र दिसतो, आणि फांद्या फुटलेल्या ताडाचे कौतुक मुलांना हटकून वाटते. तिथून माहीम, केळवे एका दिवसात होतात. केळव्याला जाताना ओहोटीची वेळ कोळीवाड्यात विचारून जावे. तारापूरला दुसऱ्या दिवशी जावे, घाई करू नये. प्रत्येक ठिकाणी वाचण्याजोगा पत्रांचा सारांश मी त्या त्या प्रकरणाच्या शेवटी दिला आहे, शिक्षकाला उभ्याउभ्या वाचून दाखवता येईल एवढाच.

पहिले प्रकरण माहीमच्या १७३८ च्या फसलेल्या वेढ्यापासून सुरू होते. काही मित्रांनी सुचवले होते की सुरुवात विजयाने करावी, मुलांना तेच आवडते. मी ती सूचना मानली नाही. माहीमला काय चुकले हे आधी नीट समजले तरच पुढच्या जानेवारीत चिमाजी वसई सोडून इकडे का आले ते समजते, आणि मग तारापूरच्या प्रकरणात वाचकाला नकाशा उलगडून दाखवण्याची गरज पडत नाही.